अंगठा उठविण्यापूर्वीं

हल्लीं खेड्यापाड्यांतील शेतकऱ्याच्याहि खिशांत स्मार्टफोन आला असून त्यांत ॲप्सची गर्दी झाली आहे. हवामान, बाजारभाव, पैशाची देवघेव, जमाखर्च, कर्ज, या प्रत्येकासाठीं निरनिराळें ॲप आहे, आणि एकाच कामासाठीं चार चार ॲप्स पुढें येत आहेत. यांतील कोणतें घ्यावें व कोणतें टाळावें, हा प्रश्न आतां बियाण्याच्या निवडीइतकाच महत्त्वाचा झाला आहे. बियाणें घेतांना आपण पिशवीवरील नांव व मुदत पाहतों, दुकानदाराकडून पावती मागतों. ॲप मात्र शेजाऱ्यानें घेतलें म्हणून, किंवा फुकट मिळतें म्हणून घेतलें जातें. ही रीत आम्हांस घातक वाटते.

महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें आम्ही या गोष्टीकडे दप्तराच्याच नजरेनें पाहतों. अंगठा उठविण्यापूर्वीं कागद वाचून घ्यावा, आणि झालेल्या नोंदीची नक्कल आपल्या हातीं ठेवावी, हे दोन नियम पाळणारा सहसा फसत नाहीं. ॲपलाहि याच दोन कसोट्या लावाव्या, असें आमचें मत आहे.

ॲप सुरू करतांना पडद्यावर परवानगी मागितली जाते, ती परवानगी हाच आजचा अंगठा होय. हवामानाच्या ॲपनें आपण कोठें आहों हें विचारणें रास्त आहे. त्यावांचून आपल्या शिवारावरील पाऊस त्यास कसा सांगतां यावा? ई-पीक पाहणीच्या ॲपनें कॅमेरा मागावा हेंहि रास्त, कारण शेतांत उभें राहून घेतलेलें पिकाचें छायाचित्र हाच त्या नोंदीचा पुरावा आहे. परंतु नुसत्या बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या ॲपला आपल्या सोयऱ्यांचे नंबर कशासाठीं पाहिजेत? मजुरीला आलेला गडी घरच्या तिजोरीची किल्ली मागूं लागला, तर त्यास आपण बांधावरूनच परत पाठवूं.

याचा सर्वांत वाईट अनुभव झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनीं दिला. फोनमधील नंबर व छायाचित्रें हस्तगत करावयाचीं, आणि हप्ता चुकला कीं ऋणकोच्या नातलगांस फोन करून त्याची अब्रू घ्यावयाची, हा कित्येकांचा धंदाच होऊन बसला. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२२ मध्यें नियम केला, कीं कर्जाच्या ॲपनें फोनमधील संपर्कयादी, फाइली व कॉलची नोंद यांस हात लावूं नये. २०२५ सालच्या निर्देशांतहि ही मनाई कायम आहे. तेव्हां जें कर्जाचें ॲप संपर्कयादी मागतें, तें तेवढ्यानेंच नियमाबाहेर आहे असें समजून काढून टाकावें. तसेंच पी. एम. किसानच्या नांवानें व्हॉट्सॲपवर ज्या एपीके फाइली येतात, त्या उघडूं नयेत. अशा फाइली खातें रिकामें करण्यासाठीं सोडलेल्या असतात. ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यावें, व तेथेंहि तें कोणीं काढलें आहे हें वाचावें. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं, हें घरांतील प्रत्येकास सांगून ठेवावें. इतकें करूनहि फसगत झालीच, तर वेळ न दवडतां १९३० या क्रमांकावर फोन करावा.

दुसरी कसोटी नकलेची. ॲप आज आहे, उद्यां नाहीं. हाईक हें लोकप्रिय संदेशाचें ॲप जानेवारी २०२१ मध्यें बंद झालें, आणि कू हें देशी ॲप जुलै २०२४ मध्यें. म्हणून ज्यांत वर्षाचा जमाखर्च, दुधाचें माप किंवा मजुरांचे खाडे लिहावयाचे, त्यांतून ती नोंद फाइलीच्या रूपानें बाहेर काढतां येते कीं नाहीं, हें पहिल्याच दिवशीं चार ओळी लिहून पाहावें. जें दप्तर नक्कल देत नाहीं, त्यांत आपला हिशेब ठेवूं नये. यूपीआय या दृष्टीनें चांगली व्यवस्था आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या या पद्धतींत एका ॲपमधून दुसऱ्या ॲपकडे पैसे जातात, आणि ॲप बदललें तरी बँकेचें खातें बदलावें लागत नाहीं. ७/१२ चा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तोहि उतरवून घरीं ठेवावा.

कोणी म्हणतील, मग सरकारी ॲप्सच तेवढीं ठेवावीं. त्यांतील कित्येक खरोखर उपयोगाचीं आहेत. हवामान खात्याचें २०१९ सालीं निघालेलें मेघदूत, किंवा विजेची पूर्वसूचना देणारें, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचें दामिनी, हीं त्यांचीं उदाहरणें. परंतु सरकारी शिक्का मालक कोण हें सांगतो, काम अडणार नाहीं अशी हमी देत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीनें आपल्या पिकाची नोंद आपणच करण्याची सोय शेतकऱ्यास दिली, हें मोठें काम झालें. पण ज्याच्या शिवारांत रेंज नाहीं, त्यानें मुदतीच्या अखेरच्या दिवसावर विसंबूं नये. नोंद झाल्यावर ती उताऱ्यावर चढली कीं नाहीं, हेंहि पाहावें.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. पुष्कळ घरीं खातें आईबापांच्या नांवावर, आणि फोन व पिन मुलाच्या हातीं, असा प्रकार आहे. मुलगा गुणी असला तरी ही व्यवस्था बरी नव्हे. तरुणांनीं वडिलांस व आईस शिकवावें, पण पिन ज्याचें खातें त्यानेंच टाकावा. अंगठा ज्याचा त्यानेंच उठवावयाचा असतो.

थोडीं ॲप्स ठेवावीं, पण ओळखीचीं ठेवावीं. आपल्या संघानें दर हंगामाच्या आरंभीं एक संध्याकाळ या कामीं लावून, सभासदांचे फोन त्यांच्यादेखत तपासावे व नको तीं ॲप्स त्यांच्याच हातून काढवावीं, अशी आमची सूचना आहे. शेतांतील तण आपण वेळच्या वेळीं काढतों. खिशांतील तण तरी कां वाढूं द्यावें?