विश्लेषण : मणक्यात सिमेंट भरले, पण हाडांचे काय?

हंडा उचलताना किंवा अंगणात शेवाळावरून घसरल्यावर एखाद्या आजीच्या पाठीत कळ येते. मालवण तालुक्यातील मसुरेसारख्या गावांत अशा वेळी तेल चोळले जाते, पट्टा बांधला जातो आणि ‘वय झाले’ म्हणून विषय संपतो. पण ती उसण नसून मणक्याचे फ्रॅक्चर असू शकते.

मणका इतक्या सहज कसा मोडतो?

ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडे आतून पोकळ, ठिसूळ होतात. रजोनिवृत्तीनंतर ही झीज वाढते. असा मणका वाकण्यानेही चेपू शकतो. उंची घटणे, पोक येणे ही त्याची खूण.

शस्त्रक्रिया कोणाला?

बहुतेकांना लागत नाही. वेदनाशामके, पट्टा आणि हळूहळू चालणे यांनी काही आठवड्यांत आराम पडतो. तीव्र वेदना थांबतच नसतील, तर ‘व्हर्टेब्रोप्लास्टी’चा विचार होतो. यात सुईने मणक्यात सिमेंट भरतात. ‘कायफोप्लास्टी’त त्याआधी फुगा फुगवून जागा करतात. मात्र पायांतील ताकद किंवा लघवीवरील ताबा गेल्यास मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तेव्हा तातडीने मोठे रुग्णालय गाठावे. तिथे स्क्रू-रॉडची शस्त्रक्रिया लागू शकते.

सिमेंटचा उपयोग किती?

यावर वाद आहे. २००९ मधील दोन चाचण्यांत सिमेंट न भरता केवळ तसा देखावा केलेल्या रुग्णांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतील, तीव्र वेदनेच्या फ्रॅक्चरमध्ये फायदा दिसला. म्हणजे निदान वेळेत होणे महत्त्वाचे.

मग अडते कुठे?

सिमेंट एक मणका सावरते. बाकीचे ठिसूळच राहतात. एक मणका मोडलेल्या दर पाच महिलांपैकी सुमारे एकीचा वर्षभरात आणखी एक मोडतो, असे २००१ च्या अभ्यासात आढळले. तो वाचवायचा तर डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि वर्षातून एकदा घ्यायच्या झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधे हवीत.

ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि वर्षानुवर्षांची औषधे त्यात बसत नाहीत. मोडल्यावर पैसे मिळतात, मोडू नये म्हणून नाही. हे उलटे गणित आधी सुधारायला हवे. तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे : साठीनंतर अचानक पाठ धरली, तर तेलाच्या बाटलीआधी एक्स-रे काढावा.