‘बीसीजीत दम नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

डॉक्टरांच्या गप्पांत बीसीजीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘‘त्या लशीत काही दम नाही.’’ या मताला आधार आहे. तमिळनाडूतील चेंगलपट्टू परिसरात १९६८ मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाचा क्षय बीसीजीने टळतो, असे तीत दिसले नाही. हा निष्कर्ष आमच्या व्यवसायात सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याची मर्यादा मात्र विसरली गेली.

तान्ह्या बाळाला ही लस देण्याचे कारण वेगळेच आहे. या वयात क्षयाचे जंतू रक्तावाटे अंगभर पसरतात, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. या मेंदूज्वराची सुरुवात फसवी असते. बारीक ताप, किरकिर, उलट्या. मग एक दिवस फिट येते, मूल बेशुद्ध होते आणि आमच्या वॉर्डात दाखल होते. औषधे आहेत, पण मेंदूला झालेली इजा ती भरून काढत नाहीत. वाचलेल्या काही मुलांना दिसत नाही, काहींचे हातपाय लुळे पडतात. बीसीजीचे मुख्य काम हे टाळण्याचे आहे. शंभर टक्के हमी ती देत नाही. कोणती लस देते?

डॉक्टरच लशीबद्दल थंड असले की काय होते? बीसीजीची कुपी अनेक मात्रांची असते आणि द्रावण तयार केल्यावर चार तासांत संपवावी लागते. एका बाळासाठी ती फोडायला जीव होत नाही. ‘गुरुवारी या’ असे सांगितले जाते. तोवर बाळंतीण माहेरी पोहोचलेली असते! उरलेल्या मात्रा वाया गेल्या तर जाऊ द्याव्यात. लस जन्मानंतर लगेच द्यायची. राहिलीच तर वर्षाच्या आत.

टोचल्यावर काही आठवड्यांनी तिथे गाठ येते, फुटते, आपोआप भरते. त्यावर अँटिबायोटिक लिहून देणारे डॉक्टरही आहेत. त्याची गरज नाही. व्रण उठला नाही म्हणून पुन्हा टोचायचीही नाही. काखेतली गाठ वाढू लागली तर मात्र दाखवावे.

आणि घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर ते बाळाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा घरात नुसत्या लशीवर भागत नाही. खोकणाऱ्याची तपासणी आधी व्हायला हवी.