खालच्या कप्प्यातील कादंबऱ्या

‘कादंबरी’ हा शब्द आपण रोज वापरतो. पण तो मुळात एका तरुणीचे नाव आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने जी संस्कृत गद्यकथा लिहिली, तिची ती नायिका. ही कथा राजाला ऐकवतो एक पोपट. तीत शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, चंद्र मनुष्यरूपाने पृथ्वीवर वावरतो आणि प्रियकराने प्राण सोडला तरी प्रेयसी त्याच्या परतण्याची वाट पाहत बसते. बाणाच्या हातून ती पुरी झाली नाही. त्याच्या मुलाने ती पुरी केली. पुढे इंग्रजीतील ‘नॉव्हेल’ला मराठी नाव हवे होते, तेव्हा आपल्या पूर्वजांनी हेच नाव उचलले. म्हणजे मराठीत या वाङ्मयप्रकाराचे बारसेच मुळी एका प्रेमाच्या आणि अद्भुताच्या गोष्टीवरून झाले.

असे असूनही प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांना आपल्या वाचनालयांत जागा मिळते ती खालच्या कप्प्यात. वरच्या कप्प्यात चरित्रे, वैचारिक ग्रंथ, पुरस्कारप्राप्त पुस्तके. आणि खाली, वाकून काढावी लागणारी, पाने निखळलेली, पुठ्ठा दोनदा चिकटवलेली ही मंडळी. काही काळापूर्वी आमच्या भागातील एका छोट्या वाचनालयाच्या बैठकीला मी हजर होतो. नव्या खरेदीची यादी वाचली गेली. तिच्यात एकही प्रेमकथा नव्हती, एकही अद्भुत कादंबरी नव्हती. ‘असल्या पुस्तकांनी पोरी बिघडतात’ असे एक सदस्य म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. त्या सद्गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. परंतु त्यांनी अशा कादंबऱ्या अलीकडे वाचल्या असाव्यात असे मात्र त्यांच्या बोलण्यावरून वाटले नाही. म्हणून यंदा रोवणी आटोपल्यावर, पावसाची झड लागलेली असताना, मी हा खालचा कप्पा पद्धतशीर वाचायचे ठरवले. त्या वाचनातून जी मते बनली, ती वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात घराजवळून केली. आमच्या सालेकशाहून गोंदियाकडे जाताना वाटेत आमगाव लागते. आमगावजवळचे पदमपूर हेच नाटककार भवभूतीचे पद्मपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. भवभूती म्हटले की आपल्याला ‘उत्तररामचरित’ आठवते. पण त्याचेच ‘मालतीमाधव’ हे दहा अंकी नाटक म्हणजे आजच्या भाषेत प्रेम आणि अद्भुत यांची एकत्र बांधलेली कादंबरीच. मालती ही मंत्र्याची मुलगी. राजाची इच्छा तिला आपल्या मर्जीतल्या नंदनाला देण्याची; आणि बापाला राजापुढे ‘नाही’ म्हणवत नाही. बाप राजाला खूश ठेवण्यासाठी आपला बळी देतो आहे, हे त्या मुलीला स्पष्ट दिसते आणि ती ते बोलूनही दाखवते. पुढे स्मशान आहे, कापालिक आहे, चामुंडेपुढे खरोखरच मालतीचा बळी द्यायची तयारी आहे आणि ऐन वेळी धावून येणारा माधव आहे. मला विशेष वाटते ते हे की, घरात होणारा बळी आणि देवळात होऊ घातलेला बळी या दोन गोष्टी भवभूतीने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. स्मशानातले भूतप्रेत ही नुसती करमणूक नव्हे. दिवाणखान्यात जे सभ्य शब्दांत चालते, त्याचे ते उघडे रूप आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या या आमच्या शेजाऱ्याला अद्भुताचा उपयोग नेमका कळला होता. आपला समानधर्मा कधी तरी भेटेल ही त्याची प्रसिद्ध आशा याच नाटकाच्या प्रस्तावनेत आहे.

त्यानंतर चढलो ते मराठीच्या जुन्या माडीवर. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. नायिकेवर संकटामागून संकटे, दुष्टांची कारस्थाने आणि शेवटी सद्गुणांचा जय. आज ती वाचताना दम लागतो. भाषा जड, माणसे एक तर देव नाही तर राक्षस. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नॉव्हेल आणि नाटक यांवर निबंध लिहिला, १९०२ साली राजवाड्यांनी ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन वाटांची चर्चा केली. म्हणजे हा वाद काही आजचा नाही. मात्र ‘मुक्तामाला’पासून नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पर्यंत आले की हवा पालटते. गुप्त वाटा, वेषांतरे, एका प्रकरणाच्या शेवटी लटकत ठेवलेला जीव. रात्री दिवा मालवायचे राहून जाते. आणि हेच नाथमाधव ‘डॉक्टर’सारखी स्त्रीशिक्षणाचा कैवार घेणारी सामाजिक कादंबरीही लिहितात. अद्भुत लिहिणारा लेखक वास्तवापासून पळपुटा असतो, या आरोपाला यापेक्षा चांगले उत्तर कोणते?

आमचा तालुका महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला. पलीकडे डोंगरगड, म्हणजे छत्तीसगड. घरात पोवारी, गोंडी किंवा झाडीबोली, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी अशी आमची रीत. त्यामुळे आमच्याकडच्या वाचकाची प्रेमकथा पुष्कळदा हिंदीतूनच आली. रेल्वेच्या प्रवासात गुलशन नंदा वाचलेली पिढी येथे आहे. देवकीनंदन खत्रींची १८८८ सालची ‘चंद्रकांता’ मी पुन्हा वाचली. १९९४ मध्ये दूरदर्शनवर तिची मालिका आली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पण मूळ पुस्तक त्या भडक मालिकेहून कितीतरी शहाणे आहे. खत्री जंगलाचे ठेकेदार होते, रानातले पडके किल्ले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते पानोपानी जाणवते. त्यांचे तिलिस्म म्हणजे निव्वळ जादू नाही; कळी, यंत्रे आणि कोडी यांची ती करामत आहे. ऐयार एकमेकांना फसवतात, बेशुद्ध करतात, गाठोड्यात बांधून नेतात, पण पकडलेल्या ऐयाराचा जीव घ्यायचा नाही हा नियम पाळतात. चपला ही स्त्री ऐयार पुरुषांच्या बरोबरीने वावरते. नायक-नायिकेचे प्रेम त्या मानाने फिके आहे; सारी गंमत त्यांच्या सोबत्यांत आहे. हिंदीची गोडी असंख्य लोकांना या एका पुस्तकाने लावली असे म्हणतात, ते खोटे नसावे.

खांडेकरांच्या १९५९ सालच्या ‘ययाति’ला कोणी खालच्या कप्प्यात टाकणार नाही, १९७४चे ज्ञानपीठ तिच्यामागे उभे आहे. परंतु पुरस्काराची पाटी बाजूला ठेवून पाहा. शाप आहे, संजीवनी विद्या आहे, मुलाचे तारुण्य बापाने घेणे आहे आणि एका पुरुषाभोवती दोन स्त्रिया आहेत. म्हणजे प्रेम आणि अद्भुतच! माझ्या मते या कादंबरीत सर्वांत जिवंत आहे ती शर्मिष्ठा. ययाति स्वतःविषयी बोलू लागला की मागून लेखकाचा आवाज येतो, उपदेशाचा सूर लागतो. शर्मिष्ठा बोलते तेव्हा मात्र फक्त शर्मिष्ठाच बोलते.

अलीकडच्या पुस्तकांत हॅरी पॉटरचा पहिला भाग मराठी अनुवादातून वाचला. १९९७ सालच्या या इंग्रजी पुस्तकाविषयी आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतात. मला ते आवडले, आणि त्याचे कारण जादू हे नव्हे. तिथे जादूचाही अभ्यास करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, पुस्तके वाचणाऱ्या हर्मायनीवाचून शूर मुलांचे पान हलत नाही. उलट, पुराणातील देवांना इतिहासातील माणसे करून लिहिलेल्या ज्या कादंबऱ्यांची लाट अमीश त्रिपाठी यांच्या २०१०च्या ‘मेलुहा’नंतर आली, त्यांच्याविषयी माझे मत संमिश्र आहे. कथा धावती आहे, कल्पना धीट आहे. पण या लाटेतील पुस्तके वाचून ‘असेच घडले होते’ असे ठामपणे सांगणारे तरुण मला भेटतात. अद्भुताने वाचकाला स्वप्न द्यावे. पुराव्याचे सोंग घेऊ नये.

आता ‘पोरी बिघडतात’ या मुद्द्याकडे येऊ. त्याचा निवाडा या देशात एकदा सर्वोच्च न्यायालयासमोर झालेला आहे, आणि तोही एका मराठी लेखकाच्या निमित्ताने. चंद्रकांत काकोडकर हे एके काळचे अतिशय लोकप्रिय कादंबरीकार. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून १९६९ साली ‘दो रास्ते’ हा चित्रपट निघाला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले, अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. साहित्यकृती तुकड्यातुकड्याने नव्हे, समग्रतेने पाहिली पाहिजे आणि लेखकाने केवळ अल्पवयीनांचा विचार करून लिहावे अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. ‘श्यामा’ थोर कलाकृती आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, मीही म्हणणार नाही. पण साधारण पुस्तकालाही वाचले जाण्याचा हक्क असतो, हे त्या निकालाने सांगितले. न्यायालयाने जे पंचावन्न वर्षांहून अधिक काळापूर्वी मान्य केले, ते आमच्या ग्रंथखरेदीच्या बैठकीत अद्याप मान्य व्हायचे आहे.

मात्र या कप्प्याची वकिली करताना त्यातील दोष झाकण्याचे कारण नाही. प्रेमकथांत एक दोष मला वारंवार आढळला. मुलगी ‘नाही’ म्हणते, नायक पाठ सोडत नाही. ती चिडते, तो हसतो. आणि शंभराव्या पानावर हा पाठलागच प्रेम ठरतो. पुस्तकात हे गोड वाटते. बसथांब्यावर एकटी उभी असलेल्या मुलीला ते गोड वाटत नाही. दुसरा दोष म्हणजे लग्न ठरताच नायिकेचे शिक्षण, नोकरी, गाणे, सारे काही लेखकाच्या विस्मरणात जाते. चांगल्या प्रेमकथेची माझी कसोटी म्हणूनच साधी आहे : नायिकेच्या नकाराला त्या कथेत किंमत आहे काय? नकाराला किंमत असेल तरच होकाराला अर्थ. भवभूतीची मालती या कसोटीला उतरते. कालपरवाच्या कित्येक नायिका उतरत नाहीत.

पण हा फरक मुलींना कळणार कसा? वाचूनच ना? आमच्याकडे दहावी-बारावीनंतर पुष्कळ घरांत स्थळे पाहायला सुरुवात होते. मुलीला काय हवे, हे विचारण्याची पद्धत अजून सर्वत्र रुळलेली नाही. एका विद्यार्थिनीच्या आईने मला विचारले, ‘‘गुरुजी, पोरगी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून कादंबरी वाचते. काय करू?’’ मी म्हणालो, ‘‘बाई, लपवायचे कारण काढून टाका. ती वाचून झाली की तुम्ही वाचा, आणि मग दोघी बोला.’’ ज्या गोष्टी आई आणि मुलगी एकमेकींना थेट विचारू शकत नाहीत, त्या नायिकेचे नाव घेऊन विचारता येतात. समुपदेशनाची एवढी स्वस्त सोय दुसरी नाही. आणि कादंबरी काढून घेतली तर मुलगी काही ‘ज्ञानेश्वरी’कडे वळत नाही; तिच्या हातात मोबाइल आहे. त्यातल्या अर्ध्या मिनिटाच्या प्रेमकथांना ना सुरुवात असते ना परिणाम. तीनशे पानांची सामान्य कादंबरीसुद्धा निदान एवढे शिकवते की, निर्णयाला पुढची पाने असतात.

अद्भुताविषयीही हेच. माघ पौर्णिमेला दरेकशाजवळच्या कचारगडच्या गुहेत दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव लोटतात. कली कंकालीची मुले त्या गुहेत कोंडली गेली, जंगो आणि पारी कुपार लिंगो त्यांच्यासाठी धावले, हिरासुकाच्या सुरांनी शिळा हलली आणि तो स्वतः तिच्याखाली गेला, असे परंपरेत सांगतात. ज्यांच्यासाठी ही श्रद्धा आहे, त्यांच्यासाठी ती कादंबरी नव्हे, आणि बाहेरच्या लेखकाने तिची लूट करू नये. परंतु ज्या मुलांच्या कानावर लहानपणापासून हे सूर आहेत, त्यांनीच उद्या लिहायला बसावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी आधी त्यांच्या हाती ‘वीरधवल’ पडला पाहिजे, ‘चंद्रकांता’ पडली पाहिजे, हॅरी पॉटरही पडला पाहिजे. गोष्ट कशी बांधतात, हे गोष्टी वाचूनच कळते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सर्वत्र सत्कार झाले, भाषणे झाली. भाषा मात्र भाषणांवर जगत नाही, वाचकांवर जगते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्यातील ‘सार्वजनिक’ या शब्दात भात रोवणारी बाई, तिची अकरावीतली मुलगी आणि दुकानात बसलेला मुलगाही येतो. त्यांना काय आवडते हे एकदा विचारून यादी करावी. दर दहा पुस्तकांत दोन प्रेमाची आणि एक अद्भुताची घ्यावी, निवडून घ्यावी, आणि ती डोळ्यांसमोरच्या कप्प्यात, हात सहज पोहोचेल अशी लावावीत. मराठीत ज्या नावाने आपण साऱ्या कथांना ओळखतो, त्या कादंबरीला वाकून शोधायची पाळी वाचकावर येऊ नये.