पायलट प्रशिक्षणासाठी परदेशी जाताना: पॅकेज, करार आणि तारण ठेवायची जमीन

पोलीस भरती, एमपीएससी, नर्सिंग, आयटीआय या नेहमीच्या वाटांपलीकडचे प्रश्न घेऊन येणारी मुले-मुली आमच्याकडे आता वाढली आहेत. कागल, भुदरगड, राधानगरी या तीन तालुक्यांत काम करताना गेल्या दोन वर्षांत बिद्री परिसरातील तीन वेगवेगळ्या घरांतून एकच विचारणा झाली: कमर्शियल पायलटचे प्रशिक्षण परदेशात घ्यायचे आहे, कोणती शाळा चांगली? तिन्ही घरांत एजंटने दिलेला कागद जवळपास सारखाच होता. डाव्या बाजूला देश (अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, फिलिपिन्स), मध्ये महिने आणि उजवीकडे 'पॅकेज'. पैसे कधी भरायचे, शाळा बंद पडली तर काय, दोनशे तासांत मुलगा तयार झाला नाही तर काय, याबद्दल त्या कागदावर एक ओळही नव्हती.

या विषयावर आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, हे श्रीमंतांचे खूळ आहे, आपल्या पोरांनी या नादाला लागू नये. दुसरे म्हणते, कर्ज काढा, पाठवा, आपला माणूस कॉकपिटमध्ये बसलाच पाहिजे. पहिले मत आम्हाला अजिबात मान्य नाही. दुसऱ्यामागची भावना मान्य आहे, पण भावनेवर पन्नास-साठ लाखांचे कर्ज उचलायचे नसते. शाळा निवडताना देशाचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. आधी परत येऊन भारतीय लायसन्स कसे मिळेल ते पाहावे आणि मध्येच काही बिघडले तर तोटा कोण सोसणार हे पाहावे.

मागणी खरी आहे, हे आधी मान्य करू. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर जाहीर केली. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार पायलट लागतील, असे केंद्रीय मंत्री सांगतात. सेमिनारमध्ये हे आकडे मोठ्या पडद्यावर दाखवतात. पण एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, ते त्या पडद्यावर नसते. एखादी कंपनी बुडते तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट बाजारात येतात आणि दोनशे तासांचे नवे लायसन्सधारक रांगेत त्यांच्या मागे उभे राहतात. त्या काळातही हप्ता चालूच असतो.

मग परदेशातच का? भारतात शाळा आहेत. महाराष्ट्रातच बारामती, शिरपूर, गोंदिया, जळगाव येथे प्रशिक्षण चालते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडिया स्वतःची शाळा उभारत आहे. आपल्याला सर्वांत जवळचे बेळगावचे सांबरा विमानतळ, तेथेही प्रशिक्षण संस्था आहेत. निपाणी ओलांडली की दोन-अडीच तासांत माणूस पोहोचतो. अडचण वेगळीच आहे. पावसाळ्यात उड्डाणे रखडतात, विमाने कमी, शिक्षक कमी. दीड वर्षाचा कोर्स अडीच वर्षांवर जातो. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातील फ्लाइंग स्कूलची पहिली क्रमवारी जाहीर केली, तेव्हा एकही संस्था 'ए प्लस' किंवा 'ए' श्रेणीत बसली नाही. त्यामुळे फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाच्या स्वच्छ आकाशाखाली वर्षभरात तास पूर्ण करून येण्याचा विचार चुकीचा नाही. अट एवढीच की येथील उशिरातून सुटताना तेथील उशिरात अडकू नये.

आता लायसन्सचा हिशेब. परदेशात मिळालेले लायसन्स घेऊन भारतीय कंपनीत थेट नोकरी मिळत नाही. ते डीजीसीएकडून भारतीय लायसन्समध्ये बदलून घ्यावे लागते. डीजीसीए किमान दोनशे तास उड्डाण मागते, त्यातले शंभर तास पायलट-इन-कमांड म्हणून. रात्रीचे तास आणि रात्रीची टेकऑफ-लँडिंग वेगळी मोजली जातात. अमेरिकेत पार्ट ६१ पद्धतीच्या शाळेत कमर्शियल लायसन्सला अडीचशे तास लागतात, तर पार्ट १४१ खाली १९० तासांतही ते मिळू शकते. काही देशांत मान्यताप्राप्त कोर्सला १५० तास पुरतात. म्हणजे 'कमी तासांत, कमी पैशांत लायसन्स' ही जाहिरात खोटी नसते, पण ते लायसन्स घेऊन मुलगा मुंबईत उतरला की राहिलेले तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. शिवाय शेवटच्या काही चाचण्या आणि उड्डाणे अर्जाआधीच्या सहा महिन्यांतील असावी लागतात. कागदपत्रांत वर्ष गेले तर पुन्हा विमानात बसा, पुन्हा पैसे भरा. म्हणून शाळेला पहिला प्रश्न हा विचारा: डीजीसीएच्या नियमांप्रमाणे सगळे तास, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मल्टी-इंजिन रेटिंग धरून पॅकेज आहे का? 'हो' हे उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

पॅकेजची गोम तासांत आहे. बहुतेक कोटेशन किमान तासांवर काढलेले असते. प्रत्यक्षात बहुतेक विद्यार्थ्यांना जास्त तास लागतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. म्हणून जादा तासाचा दर किती, त्यात इंधन धरले आहे का, परीक्षकाची फी, लँडिंग फी, नापास झाल्यास फेरचाचणीचा खर्च, हे सगळे आधी लिहून मागा. आज किती विमाने उडण्याच्या स्थितीत आहेत आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत, हेही विचारा. गेल्या वर्षी किती भारतीय विद्यार्थ्यांनी कोर्स संपवला आणि किती महिन्यांत, हे तर विचाराच. शक्य तर सध्या तेथे शिकणाऱ्या, एजंटने न सुचवलेल्या विद्यार्थ्याशी बोला. विमान दुरुस्तीला गेले म्हणून तीन महिने बसून राहिलेल्या मुलाला घरभाडे आणि जेवण डॉलरमध्येच भरावे लागते.

सर्वांत मोठा धोका एकरकमी फीचा. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही शाळा एका दिवसात बंद पडली. आगाऊ फी भरलेले दोन हजारांहून अधिक विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यांतले बहुतेक अमेरिकन होते, त्यांची भाषा तीच आणि वकीलही तेथलेच होते. तरी कर्ज मानगुटीवर राहिले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नची सोअर एव्हिएशन ही शाळा एका सरकारी शिक्षणसंस्थेच्या भागीदारीत चालत होती. तीही कोसळली आणि विद्यार्थ्यांना सामूहिक दावा लढवावा लागला. 'फॉरेनची शाळा आहे, सरकार बघत असेल' हा आपल्याकडचा समज एवढ्यावर तरी सुटावा.

परदेशी विद्यार्थ्याचे हात व्हिसानेही बांधलेले असतात. अमेरिकेत फ्लाइंगसाठी बहुधा एम-१ व्हिसा मिळतो. त्यावर शिकताना नोकरी करता येत नाही, आणि सहा महिने उलटले की अपवादात्मक कारणाशिवाय शाळा बदलता येत नाही. ज्या मुलाच्या घरून जादा पाच लाख येऊ शकतात, त्याच्यासाठी ही गैरसोय आहे. ज्याच्या घरी बाप कारखान्यात हंगामी कामाला आहे, त्याच्यासाठी ही कोंडी आहे. म्हणून टप्प्याटप्प्याने पैसे घेणारी शाळाच निवडा. जितके तास उडाले तितके पैसे, आणि न उडालेल्या तासांचा परतावा किती दिवसांत, हे कलम करारात पाहिजे. सवलतीचे आमिष दाखवून सगळी रक्कम आधी मागणाऱ्या शाळेला आम्ही तरी नकार द्यायला सांगतो, सवलत कितीही मोठी असो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसा कोठून येणार? प्रशिक्षण, राहणे आणि पुढे ए-३२० सारख्या विमानाचे टाइप रेटिंग धरले तर मोटा हिशेब साठ ते नव्वद लाखांच्या घरात जातो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या पुढे तारण लागते. समाजशास्त्राच्या पुस्तकात ज्याला आर्थिक आणि सामाजिक भांडवल म्हणतात, ते येथे अगदी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दिसते. आमच्या भागातील अनेक बौद्ध कुटुंबांकडे जमीन असली तर अर्धा-पाऊण एकर, उताऱ्यावर सात-आठ नावे, आणि प्रत्येक सहहिस्सेदाराची सही हवी. राज्यभरात वतनी जमिनींचे दुखणे वेगळेच आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली, जमिनी फेरप्रदान झाल्या, पण भोगवटादार वर्ग-२ म्हणून. हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागतो, म्हणून बँका अशी जमीन तारण घ्यायला कचरतात. पिढ्यान् पिढ्या गावाची चाकरी करून मिळालेली जमीन नातवाच्या शिक्षणाला उपयोगी पडत नाही. बागायती उसाची चार एकर असलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला हा प्रश्न पडतच नाही, आणि मग 'तुमच्यात जिद्द नाही' हे ऐकावे लागते ते आपल्याला.

बाबासाहेबांच्या चरित्रात हा पैशाचा भाग आपण फार भरभर वाचतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेली रक्कम होती, मित्र नवल भथेना यांचे कर्ज होते आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत होती. शाहू महाराजांच्याच नावाने राज्य सरकार आज परदेश शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. पण ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहे, तीही जागतिक क्रमवारीतील वरच्या विद्यापीठांपुरती. फ्लाइंग स्कूल त्या क्रमवारीत येतच नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचेही तेच. देशांतर्गत प्रशिक्षणासाठी केंद्राच्या उच्च श्रेणी शिक्षण योजनेत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजार रुपयांची मर्यादा ठेवली गेली. एवढ्यात चाळीस तासही होत नाहीत.

करता येत नाही असे मात्र नाही. महाज्योतीने इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये कमर्शियल पायलट प्रशिक्षणाची योजना आणली. केरळच्या अनुसूचित जाती विकास विभागाची 'विंग्ज' योजना आहे. त्यांना मिळाले म्हणून पोटदुखी होण्याचे कारण नाही. उलट ती आपल्या मागणीची नजीर आहे. बार्टीने त्याच धर्तीवर पूर्ण खर्चाची योजना चालवावी, आणि परदेश शिष्यवृत्तीत संबंधित देशाच्या विमान नियामकाने मान्यता दिलेल्या शाळांसाठी वेगळा निकष असावा, एवढे तरी आपण ठामपणे मागू शकतो.

कॉकपिटपर्यंत पोहोचल्यावर जात सुटते, या भ्रमातही राहू नये. जून २०२५ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीतील प्रशिक्षणार्थी पायलटने जातिवाचक अपमान झाल्याची तक्रार ॲट्रॉसिटी कायद्याखाली नोंदवली. कंपनीने आरोप नाकारले. प्रकरणाचा निकाल काहीही लागो, अशी तक्रार करणारा माणूस तेथे एकटा असतो. पाच-पन्नास असते तर चित्र वेगळे असते.

ज्यांना खरोखर जायचे आहे, त्यांनी सुरुवात स्वस्त पायऱ्यांपासून करावी. आधी डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरकडे क्लास-२ मेडिकल आणि मग क्लास-१. रंगांधळेपणासारखी गोष्ट फी भरल्यावर कळणे परवडणारे नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल तर मुक्त विद्यालयातून ते विषय करता येतात. नंतर एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी हे डीजीसीएचे पेपर परदेशी जाण्याआधी भारतातच द्यावेत. पास व्हायला ७० टक्के लागतात. त्या तीन घरांपैकी एका मुलीने हाच क्रम धरला. नोकरी सांभाळत नेव्हिगेशनचा पेपर दुसऱ्या प्रयत्नात काढला, आणि मगच दोन शाळांना परताव्याच्या कलमाबद्दल ईमेल केला. एका शाळेने कराराचा पूर्ण मसुदा पाठवला, तर दुसरीने 'ऑफर फक्त शुक्रवारपर्यंत' असा मेसेज. निवड तिथेच झाली. पैशांची जुळवाजुळव अजून बाकी आहे.

वरील दोन्ही मागण्यांचे निवेदन आम्ही कोल्हापूरच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात देणार आहोत. वैमानिक प्रशिक्षणासाठी कर्ज मागितले आणि बँकेने तारणाअभावी नाकारले, अशा कुटुंबांनी त्या नकाराच्या पत्राची प्रत सोबत जोडावी. बँका नकार बहुधा तोंडी देतात. अर्जाची पोच घ्या आणि नकाराचे कारण लेखी मागा. तसेच महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात शैक्षणिक कर्जाचा अर्ज करून त्याचीही पोच ठेवा. अशी पाच-सहा पत्रे एकत्र आली, तरी निवेदनाला वजन येईल.