यंत्राचें अनुमान

खिशांत मावणारा डिजिटल कॅमेरा प्रकाश स्वतःच मोजतो, तेव्हां आपणांस विचाराचें कारण उरलें नाहीं, असा समज घरोघर आढळतो. आम्हांस तो मान्य नाहीं. समोरील दृश्य एकंदरींत मध्यम करड्या छटेचें, स्थूलमानानें १८ टक्के प्रकाश परतविणारें आहे, असें धरूनच हें मापन चालतें. म्हणून पांढऱ्या भिंतीपुढें पांढऱ्या पातळांत बसलेल्या आजीचें चित्र करडें उतरतें. काळी चंद्रकळा चौकटभर आली तर ती भुरकट दिसते. आणि खिडकीकडे पाठ केलेल्या आजोबांचें मुख काळवंडतें.

उपाय सोपा आहे. धन-ऋण चिन्हांच्या सोयीनें पांढऱ्यास +१ द्यावें, म्हणजे प्रकाश दुप्पट होतो. काळ्यास −१ द्यावें, म्हणजे निम्मा. पाठीमागें उजेड असल्यास ‘स्पॉट’ मापन निवडून मुखावरूनच माप घ्यावें, बहुतेक कॅमेऱ्यांत कळ अर्धी दाबून तें स्थिर करावें, व मग चौकट जुळवावी.

वृद्धांचें चित्र पुन्हां काढावयास मिळेलच असें नाहीं. यंत्राजवळ केवळ अनुमान आहे. आजोबा आपणांस प्रत्यक्ष आहेत. आमच्या मतें निर्णय प्रत्यक्षानेंच करावा.