स्वभावाला औषध आहे

दुसऱ्याची बाजू समजून घेणे हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा भाग, असे आपली विद्यापीठे धरून चालतात. वसतिगृहात खटके उडाले की खोली बदलून दिली जाते आणि विषय संपतो. या समजुतीला आधार नाही असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांची १९८० च्या सुमाराची प्रश्नावली कळवळा आणि दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची सवय या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजते. दोन्हींत पुढे असणारे विद्यार्थी बहुधा मिळूनमिसळून वागणारे असतात. शिवाय जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार स्वभावातल्या फरकांचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असतो.

तरीही याच प्रश्नावलीने वेगळे काही दाखवले. सारा कॉनरॅथ आणि सहकाऱ्यांनी १९७९ ते २००९ या काळातल्या सुमारे १४ हजार अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची उत्तरे एकत्र तपासली, तेव्हा दोन्ही गुण घसरलेले दिसले, २००० नंतर तर ठळकपणे. ‘ही पिढीच आत्मकेंद्री’ असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे बळ मिळाले. पण पुढे २०१८ पर्यंतची माहिती जोडल्यावर कॉनरॅथ यांनाच २००८ च्या सुमारापासून आलेख पुन्हा चढताना आढळला. चाळीस वर्षांत आनुवंशिकता खाली येऊन परत वर जात नाही. बदल भोवतालात झाला असणार. यावर कोणी म्हणेल, ही तर विद्यार्थ्यांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरे. बदलली असेल ती फक्त स्वतःविषयी बोलण्याची रीत. हा आक्षेप मला वजनदार वाटतो, कारण आपल्याला दुसरा कळतो असे वाटणे आणि तो खरोखर कळणे यांत मोठे अंतर आहे. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांतून हे अंतर उघड केले. स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून पाहिल्याने लोकांचे अंदाज अधिक अचूक झाले नाहीत. समोरच्याला विचारल्यावर मात्र झाले.

विचारणे शिकवता येते, आणि म्हणूनच विद्यापीठांना स्वभावामागे लपता येणार नाही. अर्थात, विचारण्यातही जाच असतो. गडचिरोलीहून पुण्यात आलेल्या आदिवासी मुलीने प्रत्येक जिज्ञासूला आपले जगणे का समजावून सांगत बसावे? तिने बसू नयेच. प्रश्न कसा विचारावा, नकार कसा स्वीकारावा आणि आपल्यालाही तितकेच प्रश्न विचारू द्यावेत, हा सगळा त्या शिक्षणाचाच भाग हवा. त्यासाठी नवा विषय काढण्याची गरज नाही. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर आहेच. स्वच्छता आणि वृक्षारोपण जरूर करावे. पण त्यातले काही तास, ज्यांची बोलायची तयारी आहे अशा गावकऱ्यांचे ऐकण्यासाठी राखून ठेवावेत. ऐकलेले विद्यार्थ्याने लिहावे, त्याच माणसाला वाचून दाखवावे आणि तो सांगेल तिथे खोडून पुन्हा लिहावे. गुण द्यायचेच असतील तर या दुरुस्त्यांना द्यावेत.