एक नोव्हेंबरच्या शुभेच्छा कुणाला?

मंडळी, दर १ नोव्हेंबरला सकाळी फोनवर 'आजचे दिनविशेष' येतात आणि त्याखाली शुभेच्छांची रांग लागते. त्या रांगेबद्दल मला थोडं बोलायचंय.

१९५६ साली याच तारखेला राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला. आमच्या बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. माझ्या आईचं माहेर चंदगड तालुक्यातलं. ती बिचारी तिथंच होती, माहेर मात्र परराज्यात गेलं! म्हणून आम्ही हा काळा दिन पाळतो. महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली.

पण त्याच दिवशी इंदूरहून बहिणीचा फोन येतो. तिच्याकडे मध्य प्रदेशचा स्थापना दिवस. तिचे सासरे मात्र शेवटपर्यंत हळहळत. मध्य भारताची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायची. ती भोपाळला गेली. हैदराबादकरांचं आणखी वेगळं. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आणि शहर आंध्र प्रदेशची राजधानी. म्हणजे गावचं घर एका राज्यात, नोकरी दुसऱ्या. बँकेत एकच रक्कम कुणाच्या जमेला, कुणाच्या नावे पडते, तसंच हे.

गेल्या वर्षी मी दंडाला काळी फीत बांधून फेरीला निघालो, तर जिन्यात नात भेटली. शाळेत राज्योत्सवाचा नाच होता, गळ्यात लाल-पिवळी ओढणी. "आजोबा, हाताला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं, जरा लागलंय." दिवसभर ते खोटं बोलणं डाचत राहिलं.

माझं मत विचाराल तर तिचा नाच थांबवू नये आणि माझी फेरीही थांबू नये. कन्नड तिच्या मैत्रिणींची भाषा आहे, तिचा काय दोष? पण तारखेच्या दोन्ही बाजू मुलांना सांगायलाच हव्यात. आयते निरोप पुढे ढकलण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या घरात त्या दिवशी काय झालं, ते चार ओळींत लिहावं. ग्वाल्हेरकरांनी, भालकी-बिदरच्या मंडळींनी तर नक्कीच लिहावं.

यंदा नातीने विचारलं, तर चंदगडच्या पणजीपासून सुरुवात करणार आहे.